गोड लागेपर्यंत

"बाईंची जीभ गेली आहे, मावशी. आता हे मी कुणाला सांगू? दर वेळी आपलं 'अजून थोडी'. अजून थोडी, अजून थोडी! चाखून चाखून माझी दाढ ठणकायला लागली."

"हळू बोल गं. आत असतील त्या."

"कुठल्या असायला! आतला दिवा तरी लागलाय का?"

दिवा लावायचा मी विसरले होते. म्हणून मी आत असूनही त्यांच्या लेखी नव्हते. मध्ये प्लायवूडची एक फळी, फळीत बशी जाईल एवढी सरकती खिडकी, आणि खिडकीच्या पलीकडे आमची काडी. काडी म्हणजे लॅबमधली नवी केमिस्ट. हाडं मोजून घ्यावीत अशी बारीक, म्हणून तिला सगळे काडी म्हणतात, आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. पलीकडे नळ सुरू होता, बशा विसळणाऱ्या मावशींच्या बांगड्या वाजत होत्या. मी अंधारात स्टुलावर बसून होते. राग यायला हवा होता, पण आधी आलं ते भलतंच. मी तोंडातल्या तोंडात जीभ फिरवून पाहिली. वरच्या दातांवरून, मग खालच्या, मग टाळ्याला लावून. होती जागेवर. घराबाहेर पडल्यावर किल्ली घेतली की नाही म्हणून माणूस खिसा चाचपतो ना, तसं. मग मी दिवा लावला. आमच्या चाखायच्या खणात दिवा लाल असतो, बिस्किट जास्त भाजलंय की कमी ते रंगावरून कळू नये म्हणून. लाल उजेड फटीतून पलीकडे गेला असणार, कारण नळ एकदम बंद झाला.

मला हे काम कुणी शिकवलं नाही. मी पॅकिंगच्या हॉलमध्ये लागले होते, पुडे चिकटवायला. तेव्हाचे मोठे साहेब गमतीगमतीत बायकांना बिस्किटं वाटायचे, सांगा बघू कुठलं कालचं आणि कुठलं आजचं. बाकीच्या हसायच्या आणि खाऊन टाकायच्या. मी सांगायची. एकदा मी म्हटलं, साहेब, या घाण्यात साखर पुरी विरघळली नव्हती, शेवटी दाताखाली येते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी मी पांढरा कोट घालून या खोलीत बसले होते. बिस्किटाचं वजन लिहून ठेवता येतं, भट्टीचं तापमान लिहून ठेवता येतं, चव कशी लिहिणार? पिठाचा गुण हंगामाप्रमाणे बदलतो, साखर कधी जाड येते कधी बारीक, तुपाचाही भरवसा नाही. मग दर नव्या हंगामाला पहिला घाणा निघाला की माझ्यापुढे बशी यायची, आणि मी डोळे मिटून आठवायची, की आपलं बिस्किट कसं लागतं. गोड कमी वाटलं तर म्हणायचं, अजून थोडी. मोठे साहेब पाहुण्यांना सांगायचे, आमच्या बिस्किटाची चव या बाईंच्या जिभेवर ठेवलेली आहे. ऐकून मला इतकं बरं वाटायचं, की त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यात कुणाशी बोलायची नाही. जणू तोंड उघडलं तर चव उडून जाईल.

आणि ही जीभ मला मिळाली कुठून, तर आईकडून. ती टॉफीच्या कारखान्यात पाकावर होती. पाकावर उभी राहणारी ती एकटीच बाई, बाकीचे सगळे बाप्ये. थंड पाण्यात थेंब सोडून ती बोटांनी चाचपायची आणि ओरडायची, गोळीबंद! मग कढई उतरवायची. तिच्या बोटांची टोकं भाजून भाजून इतकी गुळगुळीत झाली होती, की आम्हाला थोपटताना ती बोटं काचेच्या गोट्यांसारखी लागायची. ती घरी आली की आधी वास यायचा. करपलेल्या साखरेचा, थोडा धुराचा, थोडा घामाचा. मी तिच्या केसांत नाक खुपसायची. ती म्हणायची, हो बाजूला, मुंगी कुठली. तेच नाव पडलं. शाळेतलं नाव शाळेत राहिलं, घरात मी मुंगीच. आजही दादा मला हाक मारतो ती मुंगे म्हणूनच, त्याच्या दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी. गिऱ्हाईक वळून बघतं, आणि केस पांढरे झालेली एक भरभक्कम मुंगी दारातून आत येते.

कारखान्यातून आई मोडक्या टॉफ्या आणायची. कापताना कडा उरतात, त्या कामगारांना मिळायच्या. पत्र्याच्या एका डब्यात त्या असायच्या, आणि तो डबा कपाटावर, आईचाच हात पोचेल असा. आमच्याकडे औषधांचा डबा वेगळा नव्हता, हाच होता. गुडघा फुटला, टॉफी. परीक्षा आली, टॉफी. मेंदू साखरेवर चालतो, असं तिला कारखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि अर्धी खरी गोष्ट पुरती पाळायची तिची रीत होती. शेजारीण भांडून गेली, टॉफी. बाबा गेले तेव्हा आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो होतो. दादाला मिसरूड फुटत होतं आणि तो रडायचं नाही म्हणून जबडा आवळून बसला होता. आई आली, आम्हा दोघांच्या तोंडात एकेक तुकडा घातला, म्हणाली, चावू नका, धरून ठेवा. आणि जाऊन दार उघडलं, लोक आत आले. ती टॉफी अशी होती की दातांना धरली म्हणजे तोंड उघडता यायचं नाही. लोक विचारत होते, आम्ही मान हलवत होतो. लोकांना वाटलं, किती समजूतदार पोरं. मला अजून बाबांचं जाणं म्हटलं की आधी गोड आठवतं. मग लाज वाटते. मग पुन्हा गोडच आठवतं. आमच्या घरात काही वाईट बोलायची वेळ आली, की बोलणाऱ्याचं तोंड आधीच भरलेलं असायचं. आम्ही न बोलणारी माणसं नव्हतो हो. बडबडे होतो सगळे. फक्त ते एवढं सोडून.

खिडकी सरकली. काडीचा हात आला, हातात ट्रे, ट्रेमध्ये तीन बशा. "गुड मॉर्निंग बाई," ती म्हणाली, आणि आवाज इतका गोड काढला की तोही मोजून घातल्यासारखा वाटला. तीन बशांची ही चाचणी मी तिच्या जन्माच्या आधीपासून करते आहे. तीनपैकी दोन एकसारख्या, एक वेगळी. वेगळी कुठली ते सांगायचं. कोमट पाण्यानं चूळ भरायची, एक घास, थांबायचं, थुंकायचं, पुन्हा चूळ. पहिल्या बशीतलं बिस्किट मी जिभेवर ठेवलं. आधी भाजल्याचा वास आला, मग तूप, मग मीठ. नेहमी या तिघांच्या मागून गोड येतं, दारात चपला काढून हळूच आत येणाऱ्या माणसासारखं. मी थांबले. आलं, पण लांबून. दुसऱ्या बशीतही लांबून. तिसऱ्या बशीतलं खाताना मला एकदम आईच्या केसांचा वास आला, इतका स्पष्ट, की मी डोळे उघडले, आणि लाल उजेडात तीन बशा एकसारख्या दिसत होत्या, आणि पहिली कुठली होती ते मला सांगता येईना. मी मधल्या बशीवर बोट ठेवलं. "ही?" खिडकीतून काडी म्हणाली. तिच्या त्या एका अक्षरात सगळं होतं. मी म्हटलं, "हीच." बोट उचलायची हिंमत झाली नाही. तिनं तीन बशा उचलल्या आणि खिडकी इतकी अलगद बंद केली की मला वाटलं, ही खोलीत कुणी झोपलंय अशी वागते आहे. थुंकायची वाटी कोरडी होती. मी थुंकले नव्हतेच. तिन्ही घास गिळले होते. हल्ली मी गिळतेच. कधीपासून, ते सांगता येणार नाही.

दुपारी कॅन्टीनमध्ये काडी माझ्या टेबलाशी येऊन बसली. एरवी ती आपल्या बरोबरीच्या पोरींत बसते. डबा उघडला, झाकण लावलं, परत उघडला.

"बाई, तुम्हाला एक गंमत सांगू? कॉलेजात आम्हाला उंदरांवरचा एक प्रयोग शिकवला होता."

"जेवताना उंदीर काढ तू."

"ऐका तर. उंदरांना रोज साखरेचं पाणी द्यायचं. सुरुवातीला ते इतके खूश होतात! मेंदूत ना, आनंदाचं एक रसायन सुटतं. पण रोजच मिळायला लागलं की तेवढ्या साखरेनं तेवढा आनंद होत नाही. मग त्यांना जास्त लागतं. मग अजून जास्त."

"बिचारे."

"आणि मग ते वाट विसरतात. म्हणजे, चक्रव्यूहासारखी एक पेटी असते, त्यातली पाठ झालेली वाट. बाकीचे उंदीर सरळ जातात, हे आपले भिंतीला नाक लावून उभे."

"आणि तिथल्या एखाद्या उंदरीण बाईंना पांढरा कोट घातला होता का?"

ती लाल झाली. "नाही हो बाई, मी आपलं सहज…"

"खा तू. काडीची निदान छडी तरी होऊ दे." मी हसले, तीही हसली, आणि जे सांगायला ती आली होती ते डब्यात तसंच राहिलं. पोरगी वाईट नाही. आमच्या घरात जन्मली असती तर खपून गेली असती.

मग साहेबांनी बोलावलं. हे मोठे साहेब नव्हेत, त्यांच्या नंतरच्याही नंतरचे. वयानं माझ्या भाच्याएवढे. त्यांच्या टेबलावर काचेच्या बरणीत आमचीच बिस्किटं असतात आणि ते कधी खाताना दिसत नाहीत. "बसा बाई. तब्येत काय म्हणते?" म्हटलं, तब्येत काही म्हणत नाही, मीच तिला अधूनमधून बोलते. ते हसले. मग म्हणाले, की बाई, तुमचा अनुभव इतका मोठा आहे, तो आता नव्या मुलींना मिळायला हवा. तुम्ही चाखण्याच्या दगदगीतून मोकळ्या व्हा आणि नुसतं मार्गदर्शन करा. चाखण्याची दगदग! मी स्टुलावर बसून बिस्किटं खाते. मी विचारलं, "माझं काही चुकतंय का?" ते म्हणाले, "छे छे! उलट खप वाढलाय." हे मात्र खरं होतं. दर हंगामाला बिस्किट थोडं गोड होत गेलं, आणि दर हंगामाला खप वाढत गेला. कुणी कशाला बोलेल? माझी जीभ एक पायरी उतरली की मी म्हणायची अजून थोडी, आणि कुठल्या कुठल्या घरातली पोरं माझ्यामागून एकेक पायरी उतरत होती, डब्यात बिस्किट घेऊन. हे मला साहेबांच्या खोलीत सुचलं की नंतर रस्त्यात, ते नक्की आठवत नाही. खोलीतून उठताना मी बरणीकडे पाहिलं होतं आणि तोंडाला पाणी सुटलं होतं, एवढं पक्कं आठवतं. साहेबांनीही ते पाहिलं आणि बरणी पुढे केली. काय करतील! त्यांनाही बोलायचं नव्हतं.

लवकर सुटले. ऊन अजून होतं. घराकडे न जाता दादाच्या दुकानाकडे वळले, आणि वळल्यावर पुलापाशी थोडी थांबले, कारण पूल ओलांडायचा की त्याच्या अलीकडूनच जायचं, ते चटकन लक्षात येईना. या रस्त्यानं मी जन्मभर जाते आहे. पुलाच्या कठड्याला हात लावून उभी राहिले, दमलेल्या बाईसारखी, म्हणजे कुणी विचारू नये. काडीचा उंदीर आठवला. म्हटलं, नाही, हे साखर उतरल्याचं आहे, सकाळपासून पोटात काय आहे? आणि पर्समधली एक गोड गोळी तोंडात टाकली. थोड्या वेळानं रस्ता आपोआप सरळ झाला. बघा.

आईचंही असंच व्हायचं. निवृत्त झाल्यावर सुरू झालं. पहिल्यांदा ती दादाला मामाच्या नावानं हाक मारायला लागली, मग गॅस पेटवून भांडं ठेवायची विसरायला लागली. साखरेचा आजार तिला तोपर्यंत बरीच वर्षं होता, पण त्याचं नाव आमच्या घरात कधी घेतलं गेलं नाही. आईचं 'ते' म्हणायचे सगळे. डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं की गोळी घेऊन जेवण चुकलं तर साखर उतरते, माणूस गोंधळतो, अशा वेळी काहीतरी गोड द्या. झालं! आम्हाला तेवढंच हवं होतं. ती गोंधळली की आम्ही म्हणायचो, उतरली असेल. आणि डबा खाली यायचा. तपासून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. टॉफी तोंडात गेली की आईचा चेहरा उजळायचा, खोटं नाही सांगत. ती ताठ बसायची. कारखान्यातल्या गोष्टी एकामागून एक. मुकादमाच्या मिशीत पाक कसा उडाला आणि मिशी कापावी कशी लागली. संपाच्या वेळी सगळ्यांनी फाटकाबाहेर बसून गाणी कशी म्हटली. कढईखालच्या जाळाचा रंग बघून तिला पाक कळायचा तो कसा. आवाज तोच, हातवारे तेच, डोळ्यात तीच चमक. दादा, वहिनी, मी, आम्ही तिच्याभोवती बसायचो आणि एकमेकांकडे बघायचो, की आली परत. आई परत आली. त्या संध्याकाळींसारख्या संध्याकाळी आमच्या घरात आधीही कधी आल्या नव्हत्या, कारण आधी तिला वेळ कुठे होता बसायला? मग चमक विझायची. ती विचारायची, आपण घरी कधी जायचं? आणि आम्ही अजून एक द्यायचो.

शेवटी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन समजावलं. म्हणाले, इतकी वर्षं रक्तात साखर जास्त राहिली की बारीक बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. डोळ्यातल्या होतात, पायातल्या होतात, तशा मेंदूतल्याही. विसरायला लागतं माणूस. म्हणाले, गोंधळल्या की साखर उतरलीच असेल असं नसतं, उलट चढलेलीही असू शकते, एकदा तरी सुई टोचून बघायचं होतंत. ते ओरडले नाहीत, त्यामुळे फार वाईट वाटलं. जिना उतरताना दादा माझ्या पुढे होता. मी त्याच्या मानेकडे बघत उतरले. खाली आल्यावर तो म्हणाला, "रिक्षा मिळेल का आता?" मी म्हटलं, "मिळेल की." त्यानंतर आई गेली, तिची खोली आवरली, कपाट विकलं, आणि दादा आणि मी हजार गोष्टी बोललो.

दादाचं चष्म्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला आरसे, दुसऱ्या भिंतीला अक्षरांचा तक्ता, वर मोठी आणि खाली बारीक होत गेलेली. मागे पडदा, पडद्यामागे काच घासायचं मशीन, आणि त्याच्या मागे यांचं घर. मी गेले तेव्हा तो मशीनवर होता. "ये मुंगे. आज लवकर?" म्हटलं, "दगदगीतून मोकळं केलं मला." त्याला समजलं नाही, किंवा समजलं. तो काच उजेडात धरून बघत राहिला. दिवसभर हा माणूस लोकांना विचारत असतो, आता कसं दिसतंय, आधीचं बरं होतं की हे बरं? मला त्यानं कधी काही विचारलं नाही. मीही त्याला नाही. वहिनी आतून आली. "वन्सं, बसा. चहा टाकते." मी म्हटलं, "साखर नेहमीसारखी." तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि ती आत गेली.

मला वाटत होतं की सकाळचं सगळं दादाला सांगावं. फळीपलीकडचं बोलणं, तीन बशा, माझं मधल्या बशीवरचं बोट. ते जिभेवर होतंसुद्धा. पण बोलायला तोंड उघडलं आणि निघाली ती वेगळीच गोष्ट, हसरी. कारखान्याला वर्षातून एकदा सुट्टी असायची, मोठ्या कढया घासायला. आई आम्हाला आत घेऊन गेली होती. तांब्याची कढई, आत उभं राहिलं तर दादाच्या कमरेएवढी. कडेला वर्षभराच्या साखरेचा थर, काचेसारखा. आईनं आम्हाला चमचे दिले, म्हणाली, खरवडा आणि खा. मी बाहेरून खरवडत होते. दादा हावरट, तो आत उतरला आणि बसला. तळ अजून कोमट होता. त्याच्या चड्डीला पाक लागला आणि तो गार होत होत असा धरला की याला उठताच येईना! आई ओढते, मुकादम ओढतो. शेवटी आईनं गरम पाणी ओतून त्याला सोडवला, आणि चड्डीचा मागचा तुकडा कढईतच राहिला. "घरी येताना माझ्या मागून चालत होता," मी सांगितलं, "भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखा!" वहिनी चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती हसली. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दादा मशीनवर वाकला होता. त्याचे खांदे हलताना दिसले नाहीत, पण तो पहिल्यापासूनच कमी हसतो.

चहा घेतला. फिका होता, पण बोलले नाही. समोरच्या आरशांमध्ये मी कितीतरी दिसत होते, कुठे नुसती हनुवटी, कुठे एक कान. बाहेरून सायकलची घंटा गेली. त्या कोमट तांब्याचा स्पर्श मला अजून तळहाताला होता. किती छान दिवस होता तो. आईनं त्या दिवशी निळी साडी नेसली होती आणि घरी परतताना ती एकटीच हसत होती, आम्हाला न दाखवता. इतकी छान गोष्ट, आणि वहिनीला कुणी सांगितली नसणार. दादा कसला सांगतोय! मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या या नवऱ्याची एक गंमत सांगते. कारखान्याला वर्षातून एकदा सुट्टी असायची, मोठ्या कढया घासायला…" वहिनीनं कप खाली ठेवला. "हो का?" म्हणाली. मी सांगत गेले. कढई, चमचे, कोमट तळ. मी चड्डीपर्यंत पोचले नव्हते, आणि वहिनी हसली.

आधीच हसली.

मी थांबले. तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं, कुठे ठेवावं हे न कळल्यासारखं. आतलं मशीन बंद झालं. दादा पडदा सारून बाहेर आला, हात पुसत, आणि माझ्यासमोर बसला, जिथे तो डोळे तपासायच्या वेळी बसतो तिथे.

"मुंगे, ही गोष्ट तू आत्ताच सांगितलीस. चहाच्या आधी."

"नाही रे. चहाच्या आधी मी…" चहाच्या आधी मी काय सांगत होते? सकाळचं सांगणार होते. सांगितलं होतं ना?

"मागच्या रविवारी पण सांगितलीस. त्याच्या आधीही. आम्ही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसतो. मला आता नाही जमत."

"अहो," वहिनी हळूच म्हणाली. "राहू दे ना आज. दमून आल्यात त्या."

"नाही, आज नाही राहू द्यायचं."

"साखर उतरली असेल रे जरा," मी म्हटलं. "सकाळपासून धड काही खाल्लं नाही. पुलापाशी पण मला जरा…"

"उतरलेली नाही." दादानं माझा हात धरला. त्याच्या बोटांना काचेची भुकटी लागली होती, खरखरीत. "आईची पण उतरली नव्हती. आई विसरत चालली होती, आणि आपण तिला गोड घालत बसलो, कारण ते बोलण्यापेक्षा सोपं होतं." त्याचा आवाज फुटला, पण त्यानं तोंड मिटलं नाही. "आता तू विसरायला लागली आहेस, मुंगे."